वाचकांचे प्रश्न : गृहभेटीत पाहिलेले आणि ऐकलेले

प्रश्न : मी गेल्या वर्षी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून रुजू झाले. विधिसंघर्षग्रस्त बालकाचा (गुन्ह्याचा आरोप असलेल्या, अठरा वर्षांखालील मुलाचा) सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत बाल न्याय मंडळापुढे ठेवावा लागतो. एका गृहभेटीवरून मुलाविषयी आणि त्याच्या घराविषयी मत कसे बनवावे? जुने अहवाल नमुन्यादाखल पाहा, असे सांगितले जाते. पण त्या सर्वांत तीच तीच वाक्ये दिसतात. (एक वाचक, मराठवाडा)

उत्तर : ती वाक्ये मला तोंडपाठ आहेत, कारण त्यांतील काही मीही लिहिलेली आहेत. ‘बालक वाईट संगतीत आहे’, ‘पालकांचे दुर्लक्ष आहे’, ‘शिक्षणात रस नाही’, ‘घरातील वातावरण पोषक नाही’. यांतील एकही वाक्य गृहभेटीत डोळ्यांना दिसत नाही. ही सगळी मते आहेत, आणि ती बहुधा पोलिसांच्या कागदांवरून किंवा शेजाऱ्याच्या बोलण्यावरून आपण घरी पोहोचण्याआधीच तयार झालेली असतात. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की अहवालाचा मसुदा लिहिण्यापूर्वी वहीच्या पानाचे तीन भाग करावेत : मी काय पाहिले, मला कोणी काय सांगितले आणि त्यावरून मला काय वाटते. तिसऱ्या भागातील प्रत्येक वाक्याला पहिल्या दोन भागांत आधार सापडला पाहिजे. न सापडल्यास ते वाक्य अहवालात जाऊ देऊ नये.

एक प्रसंग सांगतो. मोटारसायकल चोरीच्या प्रकरणातील सोळा वर्षांच्या मुलाविषयी मी पहिल्या भेटीनंतर ‘शिक्षणात रस नसल्याने आठवीतून शाळा सोडली’ असे लिहून ठेवले होते. ते मला त्याच्या काकांनी सांगितले होते. आई त्या दिवशी कामावर गेलेली असल्यामुळे मी पुन्हा गेलो. तिने पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तीत शाळा सोडल्याचा दाखला होता आणि त्याच्याच घडीत तिच्या ऑपरेशनची रुग्णालयातील चिठ्ठी होती. दोन्हींवरील तारखांत आठ दिवसांचे अंतर होते. आई अंथरुणाला खिळली, त्या आठवड्यात मुलगा गॅरेजमध्ये कामाला लागला आणि परत शाळेत गेला नाही. दुसरी भेट झाली नसती, तर माझ्या सहीने एक खोटी गोष्ट मंडळापुढे गेली असती आणि तिच्या आधारे त्या मुलाची रवानगी घरी करायची की संस्थेत, हे ठरले असते.

भटक्या-विमुक्त समाजातील मुलांच्या बाबतीत याहून अधिक दक्षता हवी. १८७१ च्या कायद्याने जन्मावरूनच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये त्या शिक्क्यातून कायद्याने मुक्त झाल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींसाठीच्या सरकारी वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवली जात, ही गोष्ट आजही अनेक घरांतील वृद्धांकडून ऐकायला मिळते. तरीही पारधी वस्तीतील मुलाच्या अहवालात ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी’ हे दोन शब्द सहज उतरतात. घरातील कोणावर कोणता गुन्हा सिद्ध झाला आहे, हे माहीत असेल आणि या प्रकरणाशी त्याचा संबंध असेल, तर तेवढेच लिहावे. समाजाचे नाव हा कशाचाही पुरावा नाही.

आणि वस्तीत जाताना सरकारी पाटी लावलेली गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करू नये. शेजारी ‘कुठून आलात?’ असे विचारतातच. त्याचे उत्तर काय द्यायचे, हे निघण्यापूर्वी ठरवून ठेवावे. मुलाच्या गोपनीयतेची पहिली कसोटी त्या उत्तरात असते. शेजाऱ्यांकडे चौकशी करणे भाग पडले, तरी प्रकरणाचा उल्लेख न करताही कुटुंबाविषयी बरेच विचारता येते.

प्रश्न : माझा भाचा १९ वर्षांचा असून त्याच्यावर चोरीचा खटला चालू आहे. गुन्हा कबूल केल्यास तो प्रोबेशनवर (परिविक्षेवर, म्हणजे तुरुंगात न जाता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर) सुटेल, असे आम्हाला सांगण्यात आले. हे खरे आहे का? पुढे नोकरीत अडचण येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ याच्या कलम ६ नुसार २१ वर्षांखालील दोषी ठरलेल्या आरोपीला, गुन्हा जन्मठेपेस पात्र नसेल तर, तुरुंगात पाठवण्यापूर्वी न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि प्रोबेशन का देत नाही याची कारणे नोंदवावी लागतात. वय मोजले जाते ते न्यायालय शिक्षेचा विचार करते त्या दिवशीचे. म्हणजे तुमच्या भाच्याच्या बाजूने कायद्याचा कल आहे. परंतु सुटकेची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि न केलेला गुन्हा केवळ सुटकेच्या आशेने कबूल करणे धोक्याचे आहे. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

नोकरीचे उत्तर थोडे कठीण आहे. कलम १२ मुळे, प्रोबेशनवर सुटलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे कायद्याने लागणारी अपात्रता लागत नाही. मात्र दोषसिद्धी स्वतः पुसली जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे अर्जात विचारलेली माहिती लपवू नये. लपवल्याचे उघड झाले, तर त्या एकाच कारणाने नोकरी जाऊ शकते. अधिकारी घरी येतील तेव्हा भाच्याच्या कामाची, पगाराची आणि पुढील शिक्षणाची कागदपत्रे हाताशी ठेवावीत. बाँडची (चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्राची) मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. त्या काळात पत्ता बदलल्यास न कळवणे, ही तरुणांकडून सर्वांत अधिक होणारी चूक आहे.

प्रश्न : मी समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आहे. माझे क्षेत्रकार्य निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या गृहात) चालू असून ‘परिविक्षेवर सुटलेली मुले पुन्हा गुन्हा करतात का’ या विषयावर प्रबंध लिहायचा आहे. अधीक्षकांनी तोंडी परवानगी दिली आहे. एवढे पुरेसे आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या कलम ९९ नुसार मंडळापुढील अहवाल गोपनीय असतात, आणि कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे फाइली हाताळण्यासाठी मंडळाची आणि महिला व बालविकास विभागाची लेखी परवानगी घ्यावी, तसेच आपल्या महाविद्यालयाच्या नैतिकता समितीपुढे आराखडा ठेवावा. नाव बदलणे पुरेसे नसते. लहान तालुक्यात गाव, वय आणि प्रकरण एवढ्यावरून मुलगा ओळखला जातो.

विषयाच्या मांडणीचाही फेरविचार करावा. पुन्हा पोलिसांनी पकडणे आणि पुन्हा गुन्हा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या वस्तीवर पोलिसांची नजर अधिक, तेथील मुलांची नोंद अधिक. तुम्ही मोजाल ती पोलिसांची नजर असेल, मुलांचे वर्तन असेलच असे नाही. शिवाय कलम २४ नुसार बहुतेक प्रकरणांत मुलांच्या दोषसिद्धीची नोंद ठरावीक काळानंतर नष्ट करायची असते. मुलाला नव्याने सुरुवात करता यावी, यासाठीच ती तरतूद आहे. संशोधनाच्या सोयीसाठी तिला वळसा घालून मुलांचा माग काढणे मला मुळीच मान्य नाही. त्याऐवजी परिविक्षेच्या काळात मुलाला प्रत्यक्ष काय मिळाले, हे विचारावे : अधिकारी किती वेळा भेटले, शाळेत पुन्हा प्रवेश मिळाला का, काम मिळवून देण्यासाठी कोणी सोबत गेले का. ही माहिती आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी कोणी गोळा केली आहे, आणि ती सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

राहिला प्रश्न मुलाच्या संमतीचा. निरीक्षणगृहातील मुलाला तुम्ही ‘मॅडम’ किंवा ‘सर’ आहात. तो नाही म्हणणार नाही, कारण नाही म्हटले तर सुटका लांबेल असे त्याला वाटते. तुमच्याशी बोलण्याचा त्याच्या प्रकरणाशी काहीही संबंध नाही, हे त्याला त्याच्या बोलीत आणि अधीक्षक समोर नसताना सांगावे, आणि ते त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावे. पालकांची संमती वेगळी घ्यावी. ज्या मुलाचे समुपदेशन तुम्ही क्षेत्रकार्यात करत आहात, त्याची मुलाखत प्रबंधासाठी घेऊ नये. त्याने विश्वासाने सांगितलेले तुमच्या प्रबंधात उतरू नये. मुलगा मध्येच उठून गेला, तर त्याला कारण विचारू नये आणि त्याच्या मुलाखतीची पाने त्याच दिवशी, शक्य असल्यास त्याच्यासमोर, फाडून टाकावीत.