पाळक, पालक आणि अध्यक्ष

प्रश्न असा आलाय: "ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पुढाऱ्याला पालक म्हणायचं की पाळक? आणि पाळक, वडील, अध्यक्ष ही एकाच माणसाची नावं की वेगवेगळी पदं?"

पाळक. ळ च. पालक म्हणजे आईबाप, आणि हे "आमचे पालक उपदेश करतील" हल्ली आमंत्रणावर, बॅनरवर, छापील पत्रकात इतक्यांदा दिसतं की वाचलं की डोकं फिरतं. मूळ एकच आहे हे मान्य, संस्कृत पालकचा मराठीत नेहमीप्रमाणे ल चा ळ होऊन पाळक झाला आणि तोच संस्कृत शब्द जसाच्या तसा घेतला तो आईबापांकडे गेला. पण आता अर्थ फुटलेत ते फुटलेत. पाळक हा मेंढपाळातला पाळ आहे. आणि माझं ठाम मत आहे की जिथं हा ळ चा ल होतो तिथं हळूहळू मंडळीतली जाणती माणसंही लेकरं होऊन बसतात, उपदेश पास्टरांनीच करायचा, आजाऱ्याला तेच भेटणार, हिशोब तेच बघणार, बायबल शिकवणार तेच, बाकीच्यांनी फक्त आमेन म्हणायचं! "पास्टर परका, पाळक अस्सल" हा वादही नको, कारण लॅटिन पास्टर, ग्रीक पोइमेन आणि आपल्या गोपमधला पा, सगळे एकाच जुन्या धातूचे, राखणे-चारणे या अर्थाचे.

पण खरा हिरा आहे तो अध्यक्ष. ग्रीक शब्द एपिस्कोपोस, एपि म्हणजे वर, स्कोपोस म्हणजे बघणारा, यातूनच झिजत झिजत बिशप झाला. मराठी बायबलात त्याला अध्यक्ष शब्द ठेवलाय, अधि अधिक अक्ष, वरून डोळा ठेवणारा. तुकड्याला तुकडा जुळतो! त्यातही गंमत म्हणजे स्कोपोसचा जो धातू आहे त्याचंच संस्कृत भावंड स्पश्, ज्यातून ऋग्वेदातले वरुणाचे हेर "स्पश" आले आणि आपण रोज बोलतो तो "स्पष्ट" आला. म्हणजे बिशप आणि स्पष्ट एका रक्ताचे. आज अध्यक्ष म्हटलं की हार घातलेला खुर्चीतला माणूस आठवतो ते वेगळं, शब्दात खुर्ची नाहीच, डोळा आहे.

आता बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय २० बघा. प्रेषित पौल मिलेत शहरातून निरोप पाठवून इफिस शहरातल्या मंडळीच्या वडिलांना, म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलावतो, त्यांनाच पुढे अध्यक्ष म्हणतो आणि त्यांनाच सांगतो की कळप पाळा. तीन शब्द, माणसं तीच, आणि माणसं अनेक, एक नाही. वडील त्यांच्या वयामानाला, अध्यक्ष लक्ष ठेवण्याला, पाळणं हे काम. एकावर एक रचलेल्या हुद्द्यांची उतरंड नंतरची आहे.

मग सगळे वडील शिकवायचे का? तर नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ५:१७ ला जे वडील देवाचं वचन सांगण्यात आणि शिकवण्यात श्रम घेतात त्यांना "विशेषकरून" मान द्या असं आहे, म्हणजे तसे न करणारेही वडील होतेच. इफिसकरांच्या पत्रात ४:११ मध्ये तर प्रेषित, संदेष्टे (देवाचा संदेश सांगणारे), सुवार्तिक (येशूची सुवार्ता सांगणारे), पाळक, शिक्षक अशी रांगच आहे. इथं काही पंडित सांगतात की ग्रीकमध्ये पाळक आणि शिक्षक या दोघांना मिळून एकच उपपद (इंग्रजी "the" सारखा शब्द) आहे म्हणून ते एकच पद, आणि वर ग्रॅनव्हिल शार्प या इंग्रज अभ्यासकाचा १७९८ चा नियम फेकतात, की "आणि" नं जोडलेल्या दोन नामांत पहिल्यालाच उपपद असेल तर दोन्ही एकाच व्यक्तीला लागतात. अहो, शार्पनं स्वतः तो नियम एकवचनी नामांपुरता ठेवलाय, इथं दोन्ही अनेकवचनी! नियम वाचायचा तर पूर्ण वाचा. धर्मसुधारक कॅल्विननंही दोन्ही वेगळे धरले, १५४१ च्या जिनिव्हाच्या नियमावलीत पाळक, शिक्षक, वडील, सेवक अशी चार पदं आहेत. पाळकाला शिकवता यायला हवं हे खरं, पण प्रत्येक शिक्षक पाळक असलाच पाहिजे हे कुठून आणलं? कृत्यांतलाच अपुल्लोस एवढा मोठा वक्ता, त्याला घरी नेऊन मार्ग नीट समजावला प्रिस्किल्ला आणि अक्विल्लानं, आणि ते दोघं तर तंबू शिवणारे.

सेवक शब्दाचंही तेच. कृत्ये ६ मध्ये "पंक्तिसेवा" (जेवण वाढणं) आणि "वचनाची सेवा" दोन्हीला ग्रीकमध्ये एकाच धातूचे शब्द आहेत, वाढणं हलकं आणि बोलणं भारी असा भेद शब्दात नाही. पंक्तिसेवेला निवडलेल्या सात जणांतला फिलिप्प पुढे सुवार्तिक म्हणून ओळखला गेला आणि त्याच्या चार मुली देवाचा संदेश देणाऱ्या होत्या. तेव्हा पत्रक छापताना वर एकच "पाळक" छापून मोकळं होऊ नका, शिकवणाऱ्याच्या नावापुढे शिक्षक लिहा, बाईंच्या नावापुढे पण लिहा, वडिलांची नावं सगळी लिहा, आणि पाळकांचा ळ तेवढा तपासून घ्या.