घर सुटले तरी मुलांचा दिवस मोडू देऊ नका

ताई, मडगावातली खोली सोडावी लागली असली तरी मुलांची शाळा एवढ्यात बदलू नका. ओळखीचा वर्ग आणि तिथले माध्यान्ह भोजन हाच सध्या त्यांचा सर्वांत भक्कम आधार आहे. बदल अटळच झाला, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला, जन्मदाखला नाही किंवा शाळा सोडल्याचा दाखला उशिरा येतो एवढ्या कारणावरून, सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे पण ठामपणे सांगा. पावसात कागदपत्रे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड दोनदा दुमडून, उशाशी ठेवा. दिवेलागणीची शुभंकरोती आणि एकत्र जेवण चुकवू नका. रात्री कुठे झोपायचे, हे मुलांना सकाळी शाळेत जाण्याआधीच सांगत जा. न सांगितल्याने त्यांची धास्ती वाढते, असे माझे ठाम मत आहे.