ओटा बदलताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचं स्वयंपाकघर जुनं आहे. ओट्याच्या दगडाला सिंकच्या कोपऱ्यात तडा गेला आहे. नवा ग्रॅनाइट घ्यावा की क्वार्ट्झ? विक्रेते दोन्हींबद्दल 'आयुष्यभर काही होणार नाही' असंच सांगतात.

उत्तर: आधी तडा का गेला ते शोधा, नाहीतर नवा दगडही तिथेच तडकेल. सिंकसाठी दगड कापताना आतले कोपरे काटकोनात ठेवले की सगळा ताण त्या टोकाशी येतो. कोपऱ्याला निदान १० मिमी त्रिज्येची गोलाई हवी, सिंकच्या पुढे आणि मागे ६-७ सेंमी दगड उरायला हवा. खालची कपाटं पातळीत नसतील तरी दगड अधांतरी राहून तडकतो. ३ मीटर लांबीत २ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

आता दगडाकडे वळू. ग्रॅनाइट गरम भांड्याला सहसा दाद देत नाही, पण तो पाणी आणि तेल पितो. फिकट रंगाचे प्रकार बहुधा जास्त. नमुन्याचा तुकडा घरी आणा, त्यावर पाण्याचे थेंब टाका आणि १५ मिनिटांनी पुसा. खाली गडद डाग दिसला तर सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा द्रव, लावावा लागेल, आणि पुढे वेळोवेळी हीच चाचणी करून पुन्हा लावावा लागेल. दुसऱ्या जागी लिंबाच्या रसाचा थेंब ठेवा. चकाकी उडाली तर तो संगमरवराच्या जातीचा दगड आहे, दुकानात त्याला ग्रॅनाइट म्हणत असले तरी. काळ्याकुळकुळीत दगडावर पांढरं कापड अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून घासा; कापड काळं झालं तर दगड रंगवलेला आहे. तो घेऊ नका.

क्वार्ट्झ म्हणून जे विकतात, तो अखंड दगड नसतो. त्यात वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास खनिज चुरा आणि बाकी रेझिन, म्हणजे चुरा बांधून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य, असतं. त्यामुळे डाग मुरत नाहीत आणि सीलरही लागत नाही. पण साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे रेझिन पिवळं पडतं किंवा स्लॅब तडकतो, आणि तो डाग पॉलिशने जात नाही. थेट उन्हातही रंग बदलतो. तेव्हा शेगडीवरचं भांडं उचलून सरळ ओट्यावर टेकवायची सवय असेल तर ग्रॅनाइट घ्या. सवयी बदलतील या भरवशावर क्वार्ट्झ घेऊ नका.

जाडी २० मिमी पुरते. काठाच्या खालच्या बाजूला बारीक खाच मात्र मारून घ्या, म्हणजे ओघळलेलं पाणी कपाटांच्या दारांपर्यंत न जाता तिथेच गळून पडतं.

प्रश्न: जुना ओटा न फोडता त्यावरच नवा थर बसवता येईल का?

उत्तर: येईल, पण ओटा भक्कम असेल तरच. लाकडी हातोडीने हलकेच ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे खालचा आधार सुटलेला आहे. अशा किंवा तडकलेल्या ओट्यावर नवा थर नको, खालची हालचाल वरही पोहोचते. या कामाला १२ मिमीचा पोर्सलेन स्लॅब बरा. त्याचं वजन चौरस मीटरला ३० किलोच्या आत राहतं. २० मिमी ग्रॅनाइटचं सुमारे ५४ किलो होतं. पोर्सलेन स्लॅब उष्णतेला चांगला टिकतो, काठ मात्र ठोकर लागली की टवकतात. जुन्या पृष्ठभागावरचा तेलकटपणा पूर्ण काढून तो घासून खरखरीत करा, नाहीतर चिकटवणी धरणार नाही. ओट्याची उंची सुमारे १५ मिमी वाढेल. खिडकीची चौकट, भिंतीतला नळ आणि प्लग आधीच मोजा. ओटा खालून बसवलेल्या सिंकचा असेल, तर फोडणंच सोपं.

प्रश्न: लॅमिनेटचा ओटा पाण्याने फुगतोच का?

उत्तर: वरचा थर फुगत नाही, आतलं पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी, फुगतं. पाणी शिरतं ते सिंकच्या कापलेल्या कडेतून, नळाच्या भोकातून आणि सांध्यातून. सिंक बसवण्याआधी कापलेल्या कडांना वॉटरप्रूफ वार्निशचे दोन हात द्या, मग सिलिकॉन भरा. एकदा फुगलेलं बोर्ड परत बसत नाही.

प्रश्न: कारागीर म्हणतात, क्वार्ट्झ घरातच कापू. चालेल का?

उत्तर: कोरडं कापणं अजिबात नको. त्या धुळीतल्या सिलिका या खनिजाने फुफ्फुसांचा सिलिकोसिस हा आजार होतो आणि तो बरा होत नाही. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर बंदी घातली. सिंक, शेगडी आणि नळाची भोकं कार्यशाळेत, पाणी सोडत कापून आणायला सांगा. त्यासाठी कपाटं पक्की बसल्यावरच ओट्याच्या मापाचा साचा घ्यायचा, सिंक आणि शेगडी समोर ठेवून. भिंती क्वचितच सरळ असतात, म्हणून भिंतीलगत ३ मिमी फट ठेवून तिथे सिमेंटऐवजी सिलिकॉन भरायचं.