बाबांची फाइल डॉक्टरांना दाखवताना

बाबांच्या रिपोर्ट-चिठ्ठ्यांची फाइल लावायला घेतलीत, उत्तम केलंत. डॉक्टर ती नुसती चाळून बाजूला ठेवतात म्हणून नाराज होऊ नका. बाहेर रांग असते, आणि शंभर कागदांतून हवा तो आकडा शोधायला त्यांना खरंच वेळ नसतो. म्हणून सगळ्यात वर एकच पान ठेवा: आजार व ते कोणत्या साली निघाले, ऑपरेशनं, अ‍ॅलर्जी, चालू औषधं. नुसतं ब्रँडचं नाव पुरत नाही. स्ट्रिपवर छापलेला घटक आणि मिलिग्रॅमही लिहा, उदा. 'टेल्मिसार्टन 40, सकाळी एक'. काढे-चूर्णंही लिहा, अगदी रोजची असली तरी.

घरच्या बीपीवर डॉक्टर पटकन विश्वास ठेवत नाहीत, कारण पुष्कळदा तो जिना चढून आल्यावर किंवा चहा पिऊन लगेच मोजलेला असतो. बाबांना 5 मिनिटं पाठ टेकून बसवा. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीला टेकवलेला, बोलणं बंद. 1 मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, भेटीआधीचे 7 दिवस. सगळे आकडे लिहा. चांगले तेवढे निवडलेत तर औषधाचा डोस चुकू शकतो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- ईसीजीची झेरॉक्स न काढणं. तो थर्मल कागद पुसट होत जातो.
- जुना रिपोर्ट वर, नवा तळाशी.
- त्रासाऐवजी स्वतःच केलेलं निदान सांगणं. कधीपासून दुखतं, कशाने वाढतं, एवढंच सांगा.

आभा खातं (सरकारचं डिजिटल आरोग्य खातं), अ‍ॅप वगैरे पुढे बघू. आधी ते पहिलं पान करा.