हाँगकाँग विद्यापीठ, १९४२ ते ४५ : कारभार कुणाचा, पैसा कुणाचा?

जपानी ताब्याच्या काळात हाँगकाँग विद्यापीठ चीनमधून कोण चालवत होतं, असा प्रश्न आहे. मुळात ते चीनमध्ये गेलंच नव्हतं, तिथे फक्त विद्यार्थी गेले होते. पेकिंग, त्सिंगह्वा आणि नानकाई या तीन चिनी विद्यापीठांनी १९३८ मध्ये नैऋत्य चीनमधल्या कुनमिंगला मांडलेलं संयुक्त विद्यापीठ कुलगुरू-प्राध्यापकांसह हललं होतं. ते डोळ्यांपुढे ठेवून हाँगकाँगचे कागद वाचले की गफलत होते.

२५ डिसेंबर १९४१ ला हाँगकाँगची ब्रिटिश वसाहत जपानला शरण गेली. कुलगुरू डंकन स्लॉस आणि बरेच ब्रिटिश प्राध्यापक हाँगकाँगमधल्याच स्टॅनलीच्या जपानी नजरकैद छावणीत अडकले. फी थांबली, आणि वसाहतीची तिजोरीच गेल्यावर सरकारी अनुदान येणार कुठून? स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक गॉर्डन किंग फेब्रुवारी १९४२ मध्ये निसटले आणि मुक्त चीनमध्ये, म्हणजे जपानच्या ताब्यात नसलेल्या भागात, पोचले. चुंगकिंगमध्ये, म्हणजे चीनच्या युद्धकालीन राजधानीत, मदत समिती उभी राहिली. चिनी शिक्षण खात्याशी बोलून विद्यार्थ्यांना तिथल्या, बहुतेक स्वतःच विस्थापित असलेल्या, महाविद्यालयांत जागा मिळवायच्या आणि निर्वाहाचे पैसे पोचवायचे, हे तिचं काम. याला विद्यापीठाचा कारभार म्हणणं मला पटत नाही. ही मदतव्यवस्था होती. पण शेकडो मुलांचं शिक्षण तिनेच वाचवलं, म्हणून तिला कमी लेखू नये.

खरी अडचण विनिमयदराची. फाबी या तेव्हाच्या चिनी सरकारी चलनाचा अधिकृत दर एका अमेरिकी डॉलरला २० आणि पौंडाला साधारण ८० असा बांधलेला होता, आणि बाजारात फाबी कोसळतच होती. म्हणजे लंडनहून निघालेला पौंड अधिकृत मार्गाने आला की वाटेतच त्याचं मोल आटायचं. मासिक रक्कम फाबीत ठरवली तर काही महिन्यांत तिच्यात पोटभर तांदूळही येईना. चिनी सरकार विद्यार्थ्यांना कर्ज-साहाय्याबरोबर सवलतीचा तांदूळ देत असे, त्यामागे हेच कारण. त्यामुळे खर्चाचे आकडे तपासताना रकमेसोबत महिना आणि दर दोन्ही टिपा, नाहीतर १९४२ आणि १९४४ ची तुलना निरर्थक ठरते.

कागद शोधायचे तर ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात सीओ (कलोनिअल ऑफिस, म्हणजे ब्रिटिश वसाहत खातं) १२९ ही हाँगकाँगच्या पत्रव्यवहाराची मालिका आहे. तिथे फक्त 'विद्यापीठ' हा शब्द धरून बसू नका. 'निर्वासित' आणि 'मदत' या मथळ्यांखालीही पाहा.

युद्धोत्तर खर्च मात्र वेगळ्या खात्यात धरा. मुंबईत जन्मलेल्या होरमसजी मोदींच्या देणगीतून उभी राहिलेली मुख्य इमारत लुटीत लाकूड आणि छप्पर गमावून बसली होती. ऑक्टोबर १९४६ मध्ये वर्ग पुन्हा सुरू झाले तेव्हा पैसा आधी भिंती-छपरांनाच लागणार होता.