पेंटरने दिलेलं कोटेशन वाजवी आहे की नाही, हे कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की तीन पेंटर येऊन घर बघून गेले, आणि सगळ्यात वरचा आकडा सगळ्यात खालच्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. यातला लुबाडणारा कोण, असा तुमचा प्रश्न. बहुतेक कोणीच नाही. तिघांनी तीन वेगळ्या कामांचे आकडे दिलेत, फक्त तिघांनीही कागदावर वर 'रंगकाम' एवढंच लिहिलंय.

मी आठ वर्षं एका रंगकामाच्या कंत्राटदाराकडे मापं घ्यायचं आणि कोटेशन लिहायचं काम केलं. त्याच्या आधी स्वतःच्या घरी फसूनही झालं होतं. सगळ्यात कमी आकडा देणाऱ्याला काम दिलं, दोन दिवसांत खोली चकाचक. चार-पाच महिन्यांनी भिंतीवर टेपने चिकटवलेला मुलाचा पाढ्यांचा तक्ता काढायला गेलो, तर टेपबरोबर तळहाताएवढा पापुद्रा सोलून आला. खाली जुना ऑइल पेंट, आरशासारखा गुळगुळीत, त्यावर एक ओरखडा नाही. म्हणजे पॉलिश पेपर त्या भिंतीला लागलाच नव्हता. चकचकीत ऑइल पेंटवर इमल्शनला (भिंतींना लावतात त्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाला) धरायला जागा मिळत नाही. आधी घासून चमक मारावी लागते, मग प्रायमर, मग रंग. त्याच्या कोटेशनमध्ये घासणं धरलेलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आकडा कमी होता, त्याचं कारण तेवढंच.

म्हणून चौरस फुटाचा दर कोणाचा किती, यात फार गुंतू नका. दिलेल्या आकड्यात माणसांच्या किती हजेऱ्या बसतात ते काढा (एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक हजेरी), आणि तेवढ्या हजेऱ्यांत तुमच्या भिंतींचं काम खरंच होतं का ते बघा. हे करायला अर्धा तास, मापाची एक टेप आणि एक कागद लागतो.

आधी माप. समजा खोली 12 बाय 10 फूट आणि उंची 10 फूट. चारी भिंतींची लांबी 44 फूट, गुणिले उंची, म्हणजे 440 चौरस फूट. छत 120. एकूण 560. दार आणि एक खिडकी मिळून सुमारे 37 चौरस फूट वजा केले तर 520 च्या आसपास उरतात. काही पेंटर दारं-खिडक्या वजा करत नाहीत, कारण त्यांच्या कडा ब्रशने सोडवायला वेळ जातो. त्यातही काही गैर नाही. फक्त तिघांनी एकाच पद्धतीने मोजलंय ना, एवढं पाहा.

बरेच जण टेप काढतच नाहीत. घराच्या क्षेत्रफळाला एक ठरलेला आकडा लावून गुणतात आणि मोकळे होतात. वरच्या खोलीत रंगवायची जागा (दार-खिडकी वजा न करता) फरशीच्या साडेचारपटीहून थोडी जास्त भरते. तेवढ्याच उंचीच्या 20 बाय 12 च्या हॉलमध्ये तीच पावणेचारपटीलाही पोचत नाही. खोल्या जितक्या लहान तितक्या भिंती जास्त. तेव्हा एकच गुणक सगळ्या घराला लावला की कुठेतरी माप चुकणारच.

माझ्याच कोटेशनवर एकदा एका काकूंनी बोट ठेवलं होतं. मी एका खोलीचे 640 लिहिले होते, त्यांनी रात्री स्वतः मोजून 520 काढले होते. 80 चौरस फुटांची भिंत जमिनीपासून छतापर्यंत कपाटाने झाकलेली होती, ती मी धरली होती. उरलेले 40 मी नजरेने वाढवले होते. मी म्हटलं, "काकू, अंदाजे लिहिलं होतं." त्या म्हणाल्या, "तुमचा अंदाज नेहमी तुमच्याच बाजूला कसा हो कलतो?" उत्तर नव्हतं. तेव्हापासून टेप खिशात ठेवू लागलो.

माप हातात आलं की रंगाचे लिटर तपासा. चांगल्या तयार भिंतीवर एका लिटरमध्ये एक हात साधारण 110 ते 130 चौरस फूट निघतो. नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो, पण तो गुळगुळीत भिंतीचा, खडबडीत भिंत जास्त पिते. आपल्या खोलीच्या 400 फूट भिंतींना दोन हात, म्हणजे 800 फुटांना सुमारे 7 लिटर, आणि छताला 2. कोटेशनमध्ये या खोलीला 4 लिटर दिसले तर एकच हात लागणार आहे किंवा पाणी भरपूर पडणार आहे. 20 लिटर दिसले तर बाकीचा रंग कुठे जाणार, ते विचारायला लाजू नका. अपवाद गडद लाल, पिवळ्या, केशरी छटांचा. रंगाला झाकण्याची ताकद देणारं पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड या छटांच्या बेसमध्ये (ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगात) कमी असतं, त्यामुळे तिसरा हात सहज लागतो. गडद भिंतीवर फिका रंग हवा असेल तरी तेच. तुम्ही छटा ठरवली नसताना कोणी पक्का आकडा दिला असेल, तर तो पक्का नाही.

आता हजेऱ्या. आकड्यातून साहित्याचा खर्च वजा करा. उरलेल्यातून थोडा भाग कंत्राटदाराचा धरा: त्याचं येणं-जाणं, शिडी, हत्यारं, नंतर टचअपला परत येण्याची जोखीम, आणि नफा. नफा घेणं गुन्हा नाही. नफा न धरणारा माणूस मध्येच काम सोडून दुसरीकडे पळतो, हे मी पाहिलंय. जे उरेल त्याला तुमच्या भागातल्या रंगाऱ्याच्या रोजाने भागा. आल्या हजेऱ्या.

त्या आकड्याचा अर्थ लावायला कामाचा क्रम माहीत हवा. पूर्ण पुट्टी करायची असेल तर वरच्या खोलीत दोन माणसांचं काम साधारण असं चालतं. पहिला दिवस सामान मध्ये ओढून झाकणं, सुटलेला रंग खरवडणं, भेगा उघडून भरणं आणि पुट्टीचा पहिला हात. दुसऱ्या दिवशी पुट्टीचा दुसरा हात, आणि ती वाळेपर्यंत दारं-खिडक्या. तिसऱ्या दिवशी घासणं, धूळ पुसणं, प्रायमर. चौथ्या दिवशी रंगाचा पहिला हात, मग दिवा धरून राहिलेले खड्डे शोधून भरणं. पाचव्या दिवशी शेवटचा हात आणि साफसफाई. झाल्या 10 हजेऱ्या. भिंत चांगली असेल, नुसती डागडुजी, घासणं, प्रायमर आणि दोन हात असतील, तर 6 मध्ये होतं. तुमच्या सगळ्यात स्वस्त आकड्यातून एका खोलीला 3 हजेऱ्या निघत असतील, तर त्यात घासायला आणि वाळायला वेळच नाही. तो माणूस खोटं बोलत नसेलही. त्याने फक्त रंग फिरवायचे पैसे सांगितलेत.

म्हणजे खरा प्रश्न असा की तुमच्या भिंतीला 6 लागतात की 10. ते भिंतीलाच विचारायचं. तळहात फिरवा, पिठासारखी पूड हाताला लागली तर नुसत्या रंगाने भागणार नाही. ब्लेडने रंगावर फुली मारून त्यावर चिकटणारी टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. रंग सोबत आला तर खरवडणं अटळ आहे, आणि ते धरणारा महाग पेंटर बरोबर आहे. रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला लगटून आडवा धरा, सगळे उंचवटे-खळगे सावल्यांसकट दिसतात. (हे केल्यावर दोन दिवस भिंतीकडे बघवत नाही, सावध करून ठेवतो.)

ओलीचं मात्र वेगळं प्रकरण आहे. पोपडे किंवा पांढरा खार दिसत असेल तर तिथे वीतभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने बंद करून एक-दोन दिवस ठेवा. दव प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमलं तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीच्या हवेतला दमटपणा आहे. भिंतीतून येत असेल तर गळती थांबेपर्यंत कुठलंच कोटेशन वाजवी नाही, सगळ्यात स्वस्तसुद्धा. भारीतला रंग आहे, ओल दाबून टाकतो, असं कोणी म्हणालं तर चहा पाजा आणि निरोप द्या. नवं प्लास्टर असेल तर तेही आधी नीट वाळू द्यावं लागतं, साधारण 4 आठवडे.

जुन्या घरात ऑइल पेंटचे अनेक थर असतील तर अजून एक. त्या थरांत शिसं असू शकतं, आणि कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर होते. लहान मुलं असतील तर हा मुद्दा पैशांच्या आधी. ओलं घासणं आणि रोजची सफाई धरली म्हणून आकडा वाढला असेल, तर तो द्यावा.

वॉलपेपर लावणार असाल तर तिथे चौरस फूट कामाचे नाहीत, पट्ट्या मोजायच्या. नेहमीचा रोल सुमारे 53 सेंटिमीटर रुंद आणि 10 मीटर लांब. 12 फूट रुंद, 10 फूट उंच भिंतीला 7 पट्ट्या लागतात आणि एका रोलमध्ये 3 बसतात. क्षेत्रफळाने दोनच्या थोडे वर रोल दिसतात, घ्यावे लागतात 3. डिझाइन मोठं असेल तर ते जुळवताना रोलमध्ये 2 च पट्ट्या बसतात, मग 4. तेव्हा चौथा रोल लिहिणारा चोर असेलच असं नाही.

तिघांना पुन्हा फोन करा आणि एकच गोष्ट लिहून मागा: कुठल्या भिंतीला काय काय करणार, किती हात, कुठला रंग (कंपनी पुरत नाही, डब्यावरचं पूर्ण नाव), दारं-ग्रिल आत की वेगळी, सामान कोण हलवणार. 'अंदाजे' हा शब्द असेल तर तो कोटेशन नाही, अंदाज आहे, वाढणारच. उक्तं काम (सगळ्याचे मिळून एकच ठरीव पैसे) ठरवत असाल तर वाढीव कामाचा दरही आत्ताच लिहून घ्या. साहित्य तुम्ही आणलं तर लिटरवर तुमचा ताबा राहतो, पण डबा कमी पडून काम अडलं तर ती हजेरीही तुमचीच. पेंटरला दुकानात थोडी सूट मिळते, ती मिळू द्या. आगाऊ रक्कम साहित्याइतकी, आणि शेवटचा हप्ता दिवसाउजेडी सगळ्या भिंती बघून झाल्यावर.

घासाघीस करायचीच असेल तर कामात करा, दरात नको. स्टोअररूमला पुट्टी नको, छताला एकच हात चालेल, सामान आम्ही हलवतो, असं म्हटलं की आकडा खरोखर खाली येतो. नुसतं "काहीतरी कमी करा हो" म्हटलं की पेंटर हो म्हणतो आणि नेमका पॉलिश पेपर कमी करतो.

एक विचारायचं राहिलं. तिघं घर बघायला आले तेव्हा भिंतीला हात लावून कोणी पाहिलं होतं? आठवत असेल तर कॉमेंटमध्ये लिहा, आणि खोल्यांची मापंही द्या. हजेऱ्या काढून सांगतो.