आधी पिंजऱ्यापाशी बस

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पार्किन्सनवरचं नवं औषध दिलेल्या गटातल्या चार रॅट्सनी ॲपोमॉर्फिननंतर (मेंदूतल्या डोपामिन या निरोप्या रसायनासारखं काम करणारं द्रव्य) फेऱ्या मारल्याच नाहीत, मग औषध लागू पडलं असं धरायचं का, हा तुझा प्रश्न. आलेख पाठवलास, तक्ता पाठवलास, पी-व्हॅल्यूसुद्धा. ती चार जनावरं त्या वेळी दिसत कशी होती, याबद्दल सबंध पत्रात एक ओळ नाही. अगं, पिंजऱ्यापाशी बसली होतीस का?

रागावू नकोस. पार्किन्सनचं माझंही मॉडेल हेच होतं. मेंदूच्या एका बाजूच्या सब्स्टान्शिया नायग्रात, म्हणजे डोपामिन बनवणाऱ्या भागात, सहा-हायड्रॉक्सिडोपामिन हे तिथल्या पेशी मारणारं विष टोचायचं, महिनाभराने ॲपोमॉर्फिन देऊन उलट बाजूच्या फेऱ्या मोजायच्या. फेऱ्या कमी म्हणजे सुधारणा. माझ्या औषधाच्या वरच्या डोसला त्या निम्म्यावर आल्या तेव्हा मी लॅबमध्ये पेढे वाटले. मोजणी यंत्र करायचं, मी शेजारच्या खोलीत संगणकापुढे. एका रविवारी प्राणीगृहातले काका म्हणाले, "मॅडम, तुमचे ते पाच जण खात नाहीयेत." जाऊन पाहिलं तर पाठीला कमान, केस उभे, डोळ्यांभोवती तांबूस कड. डोस बाधला होता. आजारी जनावर गरगर फिरेल कशाला?

प्रबंधातलं ते प्रकरण मी काढून टाकलं. दोन वर्षं गेली, बरोबरीचे पुढे गेले, घरचे बोलले. मी कुणाचं ऐकलं नाही आणि आजही ऐकणार नाही. चूक दिसल्यावर ते प्रकरण छापणं मला जमलंच नसतं. सलतात ते त्याआधीचे आठ महिने. रोज टोचत होते आणि बघत नव्हते.

स्वीडिश शास्त्रज्ञ कार्लसनचे ससे तुला माहीत आहेत, पण पेपरात वाचतो तसे. १९५७ साली त्याने रिसर्पिन देऊन निपचित पाडलेल्या सशांना डोपा दिलं, म्हणजे ज्यापासून शरीरात डोपामिन बनतं ते. (रिसर्पिन आपल्या सर्पगंधेतलं, त्या मुळीचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडला होता.) ससे उठले, हिंडू लागले. मेंदूतलं नॉरॲड्रेनलिन, म्हणजे डोपापासूनच पुढे बनणारं दुसरं निरोप्या रसायन, मात्र भरून आलेलं नव्हतं. उठलेला ससा कुणी पाहिलाच नसता, तर तो आकडा "परिणाम नाही" म्हणून वहीत पडून राहिला असता. त्या विसंगतीतून डोपामिनकडे लक्ष गेलं, आणि १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकीविच यांना पार्किन्सनने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या स्ट्रायटम या हालचाल सांभाळणाऱ्या भागात तेच घटलेलं सापडलं.

पुढे मायक्रोडायलिसिस, म्हणजे मेंदूत बारीक नळी घालून तिथली रसायनं मोजणं, करायचं म्हणतेस. कर, जरूर कर. पण पिंजऱ्यापाशी बसल्याशिवाय नको. रोज वजन घे. सिलिंडर टेस्ट लाव: खरंच सुधारलेलं रॅट उभं राहून काचेला दोन्ही पंजे टेकवतं, आजारी रॅट उभंच राहत नाही. कुठल्या पिंजऱ्यात औषध गेलंय ते मोजणाऱ्याला कळू देऊ नकोस. कुठलं जनावर वगळायचं, तो निकष आकडे यायच्या आधी लिहून तारीख घाल. गाइडना घाई आहे, ती मला समजते; त्यांना पटत नसेल तर व्हिडिओ काढ आणि त्यांच्यासमोर लाव. वाद घालू नकोस, दाखव.

मंगळवारी पुढची टोचणी आहे ना? मी दहाला येते. लॅपटॉप खोलीत ठेव. वही आण, आणि त्या काकांना सांग, दोन स्टुलं लागतील.

तुझी,
मॅडम